पाहुण्या फौजा : प्रस्तावना

नोव्हेंबर २०१४ आणि नोव्हेंबर २०१६, अशी दोनदा चिनी लष्कराची तुकडी पुण्याच्या औंध छावणीत मुक्कामाला होती. सरावाचं नाव ‘हँड इन हँड’, विषय दहशतवादविरोधी कारवाई. दोन्ही देशांच्या जवानांनी एकमेकांची हत्यारं हाताळली, वेढा घालून घराघराची झडती कशी घ्यायची याची तालीम केली, शेवटी फोटो काढले. दुसऱ्या मुक्कामाला वर्षही झालं नव्हतं, तोच जून २०१७ मध्ये डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली आणि त्या वर्षीचा सराव बुडाला. २०१८ साली चेंगडूत आणि डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयातल्या उमरोईत तो पुन्हा झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, १५ जून २०२० रोजी, गलवान. आपले २० जवान गेले आणि हा सराव थांबला.

संयुक्त लष्करी सरावांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना अशा उदाहरणानं सुरू झालेली लेखकाला कदाचित रुचणार नाही. पण वाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार आहे: एवढं करून जर गलवान होणार असेल, तर हे सराव करायचेच कशाला? तो टाळून पुढं जाण्यात अर्थ नाही. माझं उत्तर असं: सरावानं मैत्री होत नाही. असलेली मैत्री कुठवर आली आहे हे त्यातून कळतं, आणि वेळ पडलीच तर दोन फौजांना एका ठिकाणी काम करता यावं, एवढी जुळणी त्यातून होते. याहून जास्त अपेक्षा धरली की पदरी निराशाच यायची. ‘हँड इन हँड’मध्ये जुळणी करायची खरी इच्छा दोन्हीकडे नव्हती. होतं ते शिष्टाचाराचं, आणि ते शिष्टाचारापुरतंच टिकलं.

मी राहतो शीळफाट्याला. या नाक्याची ख्याती वाहतूककोंडीपुरती; कंटेनर, टँकर, एसटी आणि डोंबिवलीच्या रिक्षा यांच्या गर्दीत इथं उभं राहून कुणाला परराष्ट्रधोरण सुचेल असं नाही. तरी इथून निघणारे रस्ते पाहा. एक पनवेलवरून पुण्याला, म्हणजे औंधला जातो. मुंब्रा-ठाण्यावरून नाशिक महामार्ग धरला की देवळाली येते, तोफखान्याचं गाव. महापेमार्गे गेलं की मुंबई बंदर. या तिन्ही टोकांना आज परदेशी फौजा पाहुण्या म्हणून येतात. चौथा रस्ता कल्याणला जातो आणि तिथल्या खाडीवर या विषयाचं एक जुनं प्रकरण आहे.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि लवकरच खाडीवर लढाऊ जहाजं बांधायला काढली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फर्नांव यांची नावं कागदपत्रांत आहेत. पोर्तुगीजांचं मोठं ठाणं वसईला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. ही गलबतं सिद्दीविरुद्ध आहेत असं म्हटलं जात असलं, तरी उद्या ती आपल्याच अंगावर येतील, हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि १६५९ च्या सुमारास कारागिरांना काम सोडून जायला लावण्यात आलं. मराठी आरमार त्यामुळं अडलं नाही. पण लष्करी कसब उसनं घेताना देणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो, हा धडा कल्याणच्या खाडीनं साडेतीनशे वर्षांपूर्वी दिलेला आहे.

त्याहून बोलकी गोष्ट अलिबागच्या कुलाब्याची. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले. इंग्रजांकडे कमोडोर थॉमस मॅथ्यूजची राजाच्या आरमारातली जहाजं, तर पोर्तुगीजांकडून खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय हजर. कागदावर एवढी ताकद की अलिबागचा किल्ला आठवड्यात पडावा. पण एका हुकमाखाली लढायची सवय कुणालाच नव्हती. आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव आले, पोर्तुगीजांची फळी ढासळली आणि माघार सुरू झाली. तेव्हा संतापलेल्या मॅथ्यूजनं पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी खुपसली, असं त्या मोहिमेच्या वृत्तान्तात आहे. व्हाइसरॉय आजाराचं निमित्त सांगून जहाजावर गेला आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना वाऱ्यावर सोडून मराठ्यांशी परस्पर तह केला. दोन फौजा आयत्या वेळी एकत्र आणल्या की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. ते आपल्या फायद्याचं ठरलं, म्हणून आपण ते हसत वाचतो.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. सुवर्णदुर्ग पडला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याखालीच जळून गेलं. मराठी फौज जमिनीवर ताटकळत राहिली आणि किल्ल्यावर निशाण चढलं ते इंग्रजांचं. ऑक्टोबरात नवा तह करून, बाणकोट आणि भोवतालची गावं पदरात पाडून घेतल्यावरच त्यांनी विजयदुर्ग सोडला. संयुक्त मोहिमेत कोण काय घेणार हे आधी ठरवलेलं नसलं, किंवा ठरवलेलं पाळायला लावण्याची ताकद नसली, तर मित्रच घर धुऊन नेतो. आजच्या सरावांच्या बातम्या वाचतानाही हुकूम कुणाचा आणि लाभ कुणाचा, हे दोन प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही.

आता औंधला येऊ. छावणीत परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं प्रशिक्षण केंद्र आहे आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला उसंत नाही. मार्च २०१६ मध्ये आसियान आणि सहयोगी अशा १८ देशांचा ‘फोर्स १८’ इथं झाला. भूसुरुंग काढणं आणि शांतिसेनेचं काम हे विषय. भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं. सगळ्या तुकड्यांच्या प्रमुखांत बाई एकटीच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला त्या कॅमेऱ्यासमोर आल्या, तेव्हा देशाला त्यांचं नाव कळलं. पुण्यात ते नऊ वर्षं आधी छापून आलं होतं. मार्च २०१९ मध्ये आफ्रिकेतले १७ देश इथं आले, मार्च २०२३ मध्ये २५. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर ‘ऑस्ट्राहिंद’ झाला, एप्रिल २०२५ मध्ये उझबेकिस्तानबरोबर ‘दस्तलिक’.

अशा सरावात नेमकं घडतं काय? साधारण बारा-चौदा दिवसांचा मामला. झेंडे, राष्ट्रगीतं, भाषणं यांत पहिला दिवस जातो. मग हत्यारांची ओळख, व्यायाम, एकत्र धाव. खरं काम पुढं सुरू होतं. मातीत एका गावाची प्रतिकृती मांडतात, घरं, गल्ल्या, पाण्याची टाकी यांसकट, आणि भोवती उभं राहून कोण कुठून जाणार ते ठरवतात. अडचणी इथंच निघतात. आपला नकाशा आणि त्यांचा नकाशा एकाच जागेला तोच आकडा देतो का? दोघांचे वायरलेस संच एकमेकांशी बोलतात का? जखमी जवानाला हेलिकॉप्टरपर्यंत कोण नेणार आणि कुणाचा डॉक्टर आधी हात लावणार? भाषेसाठी दुभाषी असतो, पण दार फोडून आत शिरताना दुभाष्याची वाट बघत थांबता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच पक्क्या कराव्या लागतात. शेवटचे एक-दोन दिवस सलग कारवाईचे: झोप नाही, वेढा, झडती, हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणं. यात शिकलेलं खरोखर अंगवळणी पडलं आहे का ते तपासलं जातं.

ठाणेकरांना हे सांगायला दहीहंडी पुरेल. दोन वस्त्यांतली नावाजलेली पथकं एका हंडीसाठी एकत्र केली, तर पहिल्या दिवशी पाच थरही लागणार नाहीत. कमी कुणी नसतं; कुणाच्या खांद्यावर कुणी पाय ठेवायचा आणि ‘उतरा’ कुणी म्हणायचं हे ठरलेलं नसतं, इतकंच.

या तालमीमागून कागद येतात, आणि माझ्या मते सरावाचं खरं फळ तेच. अमेरिकेबरोबर वर्षानुवर्षं सराव होत होते, पण एकमेकांच्या जहाजांना तेल, रसद आणि दुरुस्ती देण्याघेण्याचा करार झाला तो २९ ऑगस्ट २०१६ रोजी, वॉशिंग्टनमध्ये. सही करणारे आपले संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. सांकेतिक संदेशांच्या यंत्रणेचा करार २०१८ साली झाला. ऑस्ट्रेलिया आणि जपानबरोबर रसदीचे करार २०२० साली झाले. वर्षानुवर्षं सराव चालूनही असा एकही करार होत नसेल, तर तो सराव पाहुणचाराच्या पुढं गेलेला नाही असं खुशाल समजावं.

देवळालीचं प्रकरण निराळं आणि फारच रंजक. तिथं दर वेळी येतो तो सिंगापूरचा तोफखाना. सिंगापूर म्हणजे मुंबईहून थोडासाच मोठा देश. आजच्या तोफेचा गोळा वीस-तीस किलोमीटर जातो, म्हणजे तो समुद्रात किंवा शेजारच्या मलेशियात पडायचा. फौज आधुनिक, पैसा मुबलक, पण सरावाला जमीन नाही. भारताकडे जमीन आहे. २००५ साली दोन्ही देशांत लष्करी प्रशिक्षणाचा करार झाला आणि ‘अग्नि वॉरियर’ हा तोफखान्याचा सराव त्या चौकटीत होतो. २८ ते ३० नोव्हेंबर २०२४ च्या तेराव्या फेरीत सिंगापूरचे १८२ आणि आपले ११४ जण होते. तीन दिवस, दोनशेही पाहुणे नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळी. तरी ‘हँड इन हँड’च्या सगळ्या फोटोंपेक्षा हा सराव मला मोलाचा वाटतो, कारण इथं एकाला हवं ते दुसऱ्याकडे आहे आणि दोघांनाही ते कबूल आहे.

मुंबईच्या समुद्रात मात्र सराव, सौदा आणि राजकारण एका आठवड्यात पाहायला मिळालं. ब्रिटनबरोबरचा नौदल सराव २००४ पासून चालू आहे. त्याचं नाव आपल्याच किनाऱ्याचं, ‘कोकण’. २०२५ ची फेरी ५ ऑक्टोबरला सुरू झाली. ब्रिटनची विमानवाहू ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि आपली ‘विक्रांत’ प्रथमच अशा सरावात समोरासमोर होत्या. ८ आणि ९ तारखेला ब्रिटिश पंतप्रधान किअर स्टार्मर मुंबईत होते. ९ तारखेला बेलफास्टमध्ये बनणारी हलकी क्षेपणास्त्रं भारतीय लष्कराला देण्याचा ३५ कोटी पौंडांचा व्यवहार जाहीर झाला. व्यापार करारावर जुलैत सह्या होऊन गेल्याच होत्या. ८ तारखेला इकडं उलव्याला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन असल्यानं आमच्या भागात चर्चा फक्त त्याचीच; समुद्राकडे पाहायला फुरसत कुणाला? पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसतं. विमानवाहू जहाज हजारो मैल आणायचं, तर त्याच्या डेकवर विक्रेत्यालाही जागा असतेच. यात लाजण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं मानलं जातं, एवढीच माझी तक्रार.

सराव करणं हे जसं बोलणं आहे, तसं न करणंही बोलणंच. अमेरिकेबरोबर १९९२ साली सुरू झालेला ‘मलबार’ हा नौदल सराव १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं बंद केला, तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरही सामील झाले, तेव्हा चीन नाराज आणि इथं डाव्या पक्षांच्या निषेधयात्रा. ऑस्ट्रेलिया ‘मलबार’मध्ये परतायला २०२० साल उजाडलं. त्या नोव्हेंबरात अरबी समुद्रात आपली विमानवाहू ‘विक्रमादित्य’ आणि अमेरिकेची ‘निमिट्झ’ बरोबर चालल्या, तेव्हा गलवानला पाच महिने झाले होते. निवेदनात चीनचं नाव नव्हतं. ते असण्याची गरजही नव्हती.

नेपाळनं हीच भाषा औंधला वापरली. सप्टेंबर २०१८ मध्ये बिमस्टेक देशांचा पहिला लष्करी सराव तिथं ठरला होता. ऐन वेळी नेपाळनं तुकडी न पाठवता केवळ निरीक्षक पाठवले आणि त्याच महिन्यात चेंगडूला चीनबरोबर सराव केला. या पुस्तकाचे लेखक यावर फार रागावले आहेत. मला तो राग थोडा अनाठायी वाटतो. दोन मोठ्या शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या देशाला कुणाच्या अंगणात किती वेळ उभं राहायचं याचा हिशेब रोज करावा लागतो. आणि आपणही तेच करतो. ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. १ सप्टेंबरला आपले जवान अलास्कात अमेरिकी सैन्याबरोबर ‘युद्ध अभ्यास’ करत होते, आणि तो संपायच्या आत ६५ जणांची दुसरी तुकडी रशियात ‘झापाद’ सरावात होती. व्यापार तुटायला आला तरी सराव तुटू दिला नाही, हे मी दोन्ही बाजूंच्या शहाणपणाचं लक्षण मानतो.

सराव हा धाकही असतो, हे विसरून चालणार नाही. १९८६-८७ च्या हिवाळ्यात जनरल सुंदरजींनी राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव केला. तो आपला एकट्याचा, पाहुणे कुणी नाहीत. पाकिस्तानला ती चढाईची तयारी वाटली, त्यांनी सैन्य हलवलं, आपण हलवलं, आणि युद्ध थोडक्यात टळलं. नाटोच्या १९८३ च्या ‘एबल आर्चर’नं सोव्हिएत संघाला अशीच धडकी भरवली होती. ‘ब्रासटॅक्स’ पुन्हा घडू नये म्हणून एप्रिल १९९१ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं मोठ्या सरावांची आगाऊ सूचना एकमेकांना द्यायची असा करार केला. मित्राबरोबरच्या तालमीपेक्षा शत्रूला दिलेली ही सूचना मला संरक्षणातल्या मुत्सद्देगिरीचा अधिक प्रामाणिक नमुना वाटते. पुस्तकात तिला दीड पानच मिळालं आहे.

आणि सरावाचा उपयोग झाला का, असं कुणी विचारलंच, तर २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आहे. काही दिवसांत भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा मदतगट उभा राहिला आणि आपली जहाजं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत पोचली. आपण आणि अमेरिका तेव्हा ‘मलबार’ पुन्हा सुरू करून दोन वर्षं एकत्र समुद्रात होतो. कोण कुठल्या वायरलेसवर बोलतं, हे तरी तेव्हा नव्यानं विचारावं लागलं नाही.

पुस्तकातल्या उणिवेबद्दल शेवटी लिहायला हवं, आणि ती लेखकाची एकट्याची नाही. या सरावांची आपल्याकडची नोंद म्हणजे सरकारी प्रसिद्धीपत्रकं. ती एका साच्यातली: परस्पर समन्वय वाढला, बंध दृढ झाले, अनुभवांची देवाणघेवाण झाली. देशाचं नाव बदललं तरी मजकूर चालतो. खर्च किती, शिकलो काय, जमलं काय नाही, याचा शब्द नसतो आणि लोकप्रतिनिधीही फारसं विचारत नाहीत. बेळगावला डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला पंधरवडाही झाला नसताना, चिनी तुकडी आली होती. मार्च २०२२ मध्ये तिथंच १५ मराठा लाइट इन्फंट्रीनं जपानी पलटणीबरोबर सराव केला. ते जवान एकमेकांशी काय बोलले, कुणाचं जेवण कुणाला आवडलं, कुणाची शिस्त कुणाला खटकली, यावर मराठीत एक ओळ मिळत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीत घरटी फौजी आहे. त्यांतले कित्येक अशा सरावांना गेले असतील, निवृत्त होऊन घरी आले असतील. त्यांना माझी विनंती आहे की गुप्ततेच्या मर्यादेत बसेल तेवढं त्यांनी लिहून काढावं. शुद्धलेखनाची फिकीर करू नये, ते काम आम्ही करू. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी वेगळा विभाग ठेवायचं लेखकानं मला कबूल केलं आहे.

शीळफाटा, जि. ठाणे